साहित्य संमेलन सर्वांचे व्हावे

साहित्य संमेलन म्हटले की मोठा मंडप आणि मोठे लेखक डोळ्यांसमोर येतात. अलीकडे अनेक शाळांतही साहित्य संमेलने भरतात. ही आनंदाची गोष्ट आहे. पण शाळेतील संमेलन नेमके कोणासाठी असते, याचा विचार आपण केला पाहिजे.

अशा संमेलनातील एका साध्या विद्यार्थ्याचा दिवस पाहा. सकाळी तो ग्रंथदिंडीत चालतो. पुढे लेझीम, मध्ये पुस्तकांची पालखी, मागे मुलांची रांग. मग तो सतरंज्या अंथरतो, पाहुण्यांसाठी खुर्च्या आणतो. भाषणे होतात. कथाकथन आणि काव्यवाचन होते. उर्दू शाळा असेल तर बैतबाजीही रंगते. एका गटाच्या शेराचे शेवटचे अक्षर घेऊन दुसऱ्या गटाने नवा शेर म्हणायचा, असा हा खेळ. शेवटी बक्षिसे वाटली जातात आणि आपला विद्यार्थी सतरंज्या गुंडाळू लागतो. दिवसभर त्याने टाळ्या वाजवल्या. स्वतः मात्र तो एक वाक्यही बोलला नाही.

व्यासपीठावर बहुधा तीच ती पाच-सहा मुले दिसतात. त्यांची भाषणेही पुष्कळदा मोठ्यांनी लिहून दिलेली असतात. काही जण म्हणतील, "ज्याला चांगले बोलता येते, त्यालाच पुढे करावे. नाहीतर पाहुण्यांसमोर शाळेची शोभा होईल." या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पण पोहणे शिकायचे तर पाण्यात उतरावेच लागते. काठावर बसून टाळ्या वाजवणाऱ्याला पोहता येत नाही.

संमेलन कोणाचे, हा प्रश्न नवा नाही. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात मराठी ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. पुढे १८८५ साली अशाच सभेचे निमंत्रण महात्मा फुले यांना गेले. ते त्यांनी नाकारले. जेथे सर्व माणसांच्या हक्कांचा विचार होत नाही, त्या सभेत आपण मिसळू शकत नाही, असे त्यांनी पत्राने कळवले. जे मागे राहिले आहेत, त्यांची आठवण ठेवणे हे साहित्याचे काम आहे, हेच यातून आपण शिकावे.

मराठी ही आपली दुसरी भाषा आहे. त्यामुळे बोलताना भीती वाटते. उर्दूत 'किताब' स्त्रीलिंगी, तर मराठीत 'पुस्तक' नपुंसकलिंगी. उर्दूत दोनच लिंगे आहेत, मराठीत तीन. 'ळ' हा उच्चार तर उर्दूत नाहीच. मग 'शाळा' म्हणताना जीभ अडखळते आणि कोणीतरी हसते. हसणारा क्षणात विसरतो. पण ज्याला हसले, तो मुलगा पुढे कित्येक दिवस तोंड उघडत नाही. खरे तर शाई, कागद, तारीख, मजकूर असे कितीतरी शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि येथेच रमले. ही भाषा आपल्याला परकी नाही.

म्हणून माझे मत असे आहे, की संमेलनाच्या दिवशी एक तास वर्गावर्गांत घालवावा. वर्गात चाळीस मुले असली आणि प्रत्येकाने एक मिनिट घेतले, तर चाळीस मिनिटांत सर्वांचे वाचन होते. पाहुण्यांचे एखादे भाषण कमी करून एवढा वेळ सहज मिळेल. अट एकच. वाचलेल्या पाच ओळी स्वतः लिहिलेल्या असाव्यात. मालेगाव किंवा भिवंडीच्या मुलाने यंत्रमागाच्या खडखडाटावर लिहावे. एखाद्या मुलीने आपल्या आजीच्या हातच्या शिवणकामावर लिहावे. चुका झाल्या तर त्या नंतर दुरुस्त करता येतील. वाचन चालू असताना मात्र कोणी हसू नये.

मुलांनो, तुमच्या शाळेत संमेलन भरेल तेव्हा पाच ओळी लिहून खिशात ठेवा आणि गुरुजींकडे किंवा बाईंकडे वाचायची परवानगी मागा. तुमचा मित्र वाचायला उभा राहिला, तर त्याचे शेवटच्या शब्दापर्यंत ऐका.