शंभर टक्के ओरिजिनल

गेले चार महिने मी एक मोटारसायकल विकतो आहे. व्याकरणात हा चालू वर्तमानकाळ. आमच्या घरात मात्र तो चालू भांडणाचा काळ आहे. गाडी बी.एस.ए. कंपनीची, एम-२०, १९४२ सालची, दुसऱ्या महायुद्धासाठी बांधलेली. या जातीच्या सव्वा लाखाच्या आसपास गाड्या त्या युद्धात लष्कराकडे गेल्या. त्यातली एक देवळीत, माझ्या छपरीत कशी आली, हे आमची सौ. मला रोज विचारते. वाचकांनी तरी विचारू नये.

मी ती भंगारातून घेतली तेव्हा तिच्यात मोटारसायकल कमी आणि गंज जास्त होता. आमच्या मिस्त्रीने तीन वर्षे खपून ती उभी केली. मी पडलो बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. व्हाउचरशिवाय एंट्री करायला हात धजत नाही. म्हणून विकायला काढताना बदललेल्या भागांची यादीच केली. पिस्टन नवा, सीट नवी, दोन्ही मडगार्ड पत्रा ठोकून घडवलेले, मॅग्नेटोची वाइंडिंग नवी, अशी एकूण एकतीस कलमे. मूळचे म्हणाल तर सांगाडा, क्रँककेस आणि गिअरबॉक्स. खाली तारीख आणि सही.

तीच यादी माझा गुन्हा ठरली.

पहिले गिऱ्हाईक नागपूरचे. यादी वाचून, आहेरात चांदीऐवजी जर्मन निघावं तसा चेहरा करून म्हणाले, "म्हणजे ओरिजिनल नाही?" दुसरे म्हणाले, "आपल्याच तालुक्यात पुलगाव आहे, तिथं लष्कराचा डेपो आहे. गाडी तिथूनच निघाली असं लिहून द्या ना!" मी म्हटलं, "अहो, तिथं दारूगोळा ठेवतात, माझ्या गाडीचा जन्मदाखला नाही." तिसऱ्यांना रंग हवा होता मिलिटरी हिरवा. आता १९८९ च्या मोटार वाहन नियमांनी तो रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवला आहे. हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग काळी मिलिटरी गाडी घेऊन लोकांना काय दाखवू?"

चौथे गृहस्थ व्यवहारी. "यादीसकट अडीच लाख, यादी फाडलीत तर चार." एका फुलस्केप कागदाची किंमत दीड लाख! इतका महाग कागद मी बँकेतसुद्धा हाताळलेला नाही.

माझं भांडण आहे ते या 'ओरिजिनल' शब्दाशी. ऐंशी वर्षांची गाडी मूळच्या पिस्टनवर धावते असं कोणी सांगितलं, तर एक तर ती कधी धावलेली नाही, नाही तर मालक थापा मारतो. मोडीत दागिना घेताना सोनारसुद्धा डाग वजा करतो आणि तसं तोंडावर सांगतो. इथं मात्र डाग झाकणाऱ्याला बक्षीस! कायद्यानेही गंमतच केली आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली, मोठी दुरुस्ती न झालेली गाडी. हेतू उत्तम, पण परिणाम असा, की यादी करणाऱ्याची छाती धडधडते आणि न करणारा घोरत पडतो.

कुणी म्हणेल, लोकांना तेच ऐकायचं असतं, तुमचं काय जातं? मोह मलाही झाला. मुलीच्या हॉस्टेलची फी डोळ्यांपुढे होती. सहज म्हणून मिस्त्रीला विचारलं. तो हात पुसत म्हणाला, "साहेब, ते मडगार्ड म्या पंधरा दिवस ठोकलं जी. अन् तुमी लिहून देनार, का ते इंग्रजानं ठोकलं?"

यावर बी.कॉम.कडे उत्तर नव्हतं. गाडी शंभर टक्के ओरिजिनल, तर मग हा माणूस तीन वर्षे काय करत होता? लबाडी दीड लाखाची खरी. पण ती त्याच्या मजुरीतून वजा होते, आणि त्याचं व्हाउचर कुठेच फाटत नाही.

तेव्हा यादी शाबूत आहे. तिच्यात मिस्त्रीचं नाव आता सर्वांत वर घातलं आहे. घेणाऱ्याने आधी यादी वाचावी, मग किक मारावी. पाय मात्र सांभाळावा. गाडी उलटी किक मारते, आणि ती शंभर टक्के ओरिजिनल आहे.