डेटा सांभाळणे हे ग्रंथपालाचेच काम

संशोधकांनी गोळा केलेल्या डेटाशी ग्रंथालयाचा काय संबंध, असे अजूनही विचारले जाते. ग्रंथपालाने पुस्तके आणि नियतकालिके बघावीत. सर्वेक्षणाच्या फाइली संशोधकाच्या लॅपटॉपवर असतातच, फार तर संगणक विभागाकडे एक प्रत ठेवावी, असे हे मत. मला ते साफ अमान्य आहे.

फाइल टिकली म्हणजे माहिती टिकली, हा यातला मूळ घोटाळा. एखाद्या तालुक्यातल्या कुटुंबांच्या सर्वेक्षणाची फाइल दहा वर्षांनी उघडून पाहा. रकान्याचे नाव 'प्र १७' आणि खाली १, २, ३ असे आकडे. ३ म्हणजे 'भूमिहीन' की 'माहीत नाही'? वयाच्या रकान्यात मधूनच ९९ येतो. त्या घरात खरेच ९९ वर्षांची आजी होती, की उत्तर मिळाले नाही याची ती खूण? वय समजून बेरजेत धरले तर सरासरीच बिघडते. आकड्यांचे अर्थ सांगणारे कोडबुक, मूळ प्रश्नावली आणि घरे कशी निवडली याची नोंद सोबत नसेल, तर संगणक विभागाने दहा प्रती जपूनही हाती मुके आकडेच येणार. एखादी गोष्ट अनोळखी वाचकाला सापडेल आणि उमगेल अशी नोंदवणे ही ग्रंथपालाची विद्या आहे. समाजशास्त्रीय डेटाच्या वर्णनासाठी जगभर वापरले जाणारे 'डीडीआय' हे मानक म्हणजे तालिकीकरणच, फक्त पुस्तकाऐवजी सर्वेक्षणाचे.

'जुना डेटा कोण बघतो?' असेही म्हणतात. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये तिथे सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली, हे त्यांनी दाखवले. तेव्हाही सुमारे दीडशे वर्षे जुन्या असलेल्या नोंदी कोणी तरी जपल्या, म्हणूनच ही तुलना होऊ शकली. आज तिथे उंच इमारती आहेत. आता तिथे शेतीची पाहणी पुन्हा करता येणार नाही.

गोपनीयतेचा आक्षेप मात्र गंभीर आहे. एखाद्या बाईने घरातल्या मारहाणीबद्दल विश्वासाने सांगितलेले चव्हाट्यावर येता कामा नये. नाव खोडून भागत नाही. लहान गावात जात, वय आणि धंदा एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. पण म्हणून ती मुलाखत खणातल्या पेन ड्राइव्हवर ठेवायची? तो कोणाच्याही हाती लागू शकतो. इंग्लंडमध्ये एसेक्स विद्यापीठात १९६७ पासून चालत आलेल्या यूके डेटा आर्काइव्हने यावर व्यवस्था बसवली आहे. काही डेटा सर्वांना खुला, काही नोंदणी करून आणि अटी मान्य केल्यावरच मिळणारा, तर सर्वांत नाजूक डेटा प्रशिक्षित संशोधकांनाच, सुरक्षित यंत्रणेत, आणि तिथून बाहेर पडणारा प्रत्येक तक्ता तपासून. कोणता ग्रंथ घरी न्यायचा आणि कोणती दुर्मिळ पोथी देखरेखीखालीच पाहायची, हे ग्रंथालये पिढ्यान्‌पिढ्या ठरवत आली आहेत. हा त्याच शिस्तीचा विस्तार आहे.

आपल्याकडे भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेची डेटा सेवा आहे, ही चांगली गोष्ट. पण तिथे डेटा पोचतो तो काम संपल्यावर. खरी मदत लागते ती क्षेत्रकार्याच्या आधी, आणि ती महाविद्यालयातच मिळायला हवी. संमतिपत्रात 'ही माहिती पुढे इतर अभ्यासकांनाही वापरता येईल' हे वाक्य सुरुवातीलाच नसेल, तर पुढे कोणीही काही करू शकत नाही. शेकडो घरांत परत जाऊन संमती कोण मागणार? म्हणून संशोधनाचा आराखडा मंजूर होतो त्या बैठकीत ग्रंथपालाला बसवा. त्यासाठी ग्रंथपालांच्या रिकाम्या जागा भरा, त्यांना सांख्यिकीचे प्रशिक्षण द्या. प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर चढवला जातो, त्याच दिवशी त्याची प्रश्नावली, कोडबुक आणि ओळख पुसलेला डेटा ग्रंथालयात जमा झाल्याची पावती विद्यार्थ्याच्या हाती पडली पाहिजे.