कॉपी करा, पण शहाण्यासारखी!

लेखाचं नाव वाचून परीक्षा विभागाने दचकू नये. ही ती चिठ्ठीवाली कॉपी नाही. जी केली नाही म्हणून आमच्या विंगमधल्या चार ताया रात्रभर रडल्या, त्या कॉपीबद्दल मला बोलायचं आहे.

गेल्या वर्षी फायनल इयरच्या या तायांचा प्रोजेक्ट होता हळदीच्या शेतातल्या ओलाव्यावर. वसमतजवळ एका ताईच्या काकांचं शेत. मातीत सेन्सर पुरलेले, दर तासाला एक रीडिंग. मी ज्युनिअर, म्हणून बॅटऱ्या बदलायला आणि मेमरी कार्ड आणायला मी जायचे. जून ते फेब्रुवारी असा अख्ख्या पिकाचा डेटा जमला. तो होता एका लॅपटॉपमध्ये आणि एका पेन ड्राइव्हवर. कार्डं आम्ही पुसून परत वापरत होतो. सबमिशन तोंडावर आलं आणि लॅपटॉप बंद पडला. दुरुस्तीवाल्याने फोन करून विचारलं, "फॉरमॅट मारू का?" ताई म्हणाली, "मारा दादा, पेन ड्राइव्हवर आहे सगळं." मग पेन ड्राइव्ह लावला, तर तो उघडेचना. चौघींपैकी प्रत्येकीला वाटत होतं, दुसरीकडे कॉपी असेलच.

कोड पुन्हा लिहिता येतो. रिपोर्ट रात्र जागून पुन्हा टाइप करता येतो. पण त्या ऑगस्टमधल्या पावसानंतर त्या मातीत किती ओल होती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: जे पुन्हा मोजता येत नाही ते एकाच ठिकाणी ठेवणं म्हणजे न ठेवल्यासारखंच. आणि ही जबाबदारी चार मुलींच्या आठवणीवर सोडून चालणार नाही. त्यासाठी कॉलेजची व्यवस्था हवी.

हे किती गंभीरपणे घ्यायचं असतं, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात उभं राहणार आहे. औंढा नागनाथ तालुक्यातल्या 'लायगो-इंडिया' वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे २६०० कोटी रुपये. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेझर सोडून गुरुत्वीय लहरी टिपायच्या. अमेरिकेत अशा दोन वेधशाळा आहेत, हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन, एकमेकींपासून सुमारे ३००० किलोमीटरवर. १४ सप्टेंबर २०१५ ला दोन कृष्णविवरांच्या टकरीतून आलेली लहर आधी लिव्हिंगस्टनला आणि साधारण सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डला नोंदली गेली. एक सेकंदसुद्धा न टिकलेली ही लहर शंभर कोटींहून जास्त वर्षं प्रवास करून आली होती. ती काही पुन्हा येणार नाही. हळदीच्या शेतातल्या रीडिंगसारखंच!

म्हणून लायगोचा डेटा फक्त वेधशाळेत पडून राहत नाही. कॅल्टेकच्या मुख्य संग्रहात आणि इतर केंद्रांवरही त्याच्या प्रती जातात. लायगोच्या सुरुवातीच्या काळात या कामासाठी विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठात खास सॉफ्टवेअर लिहिलं गेलं होतं. पुण्याच्या आयुकामधला 'सारथी' हा संगणकसमूहही लायगोच्या या जाळ्यातला.

आता आपल्यापुरतं बघू. पहिली गोष्ट, प्रती लांब लांब हव्यात. लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह एकाच सॅकमध्ये असतील तर सॅक चोरीला गेली की दोन्ही जातात. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली, तेव्हा ज्या फायलींची दुसरी प्रत बाहेर नव्हती त्या कायमच्या गेल्या. गूगलने २००३ मध्ये आपल्या फाइल सिस्टिमवर जो पेपर प्रसिद्ध केला, त्यातही प्रत्येक तुकड्याच्या साधारणपणे तीन प्रती, आणि त्या वेगवेगळ्या रॅकमधल्या मशीनवर, असंच आहे. मशीन बिघडणारच, हे त्यांनी आधीच गृहीत धरलं होतं.

कुणी म्हणेल, तीन प्रती म्हणजे तिप्पट जागा, एवढ्या हार्ड डिस्क कुठून आणायच्या? त्यालाही युक्ती आहे. समजा फाइलचे दोन भाग केले, एक ७ आणि दुसरा ५. एका खोलीत ७ ठेवा, दुसरीत ५ आणि तिसरीत बेरीज १२. कुठल्याही एका खोलीतला आकडा गेला तरी उरलेल्या दोघांवरून तो परत काढता येतो. जागा लागली फक्त दीडपट. खऱ्या मशीनमध्ये बेरजेऐवजी एक्सॉर वापरतात. याचीच पुढची पायरी म्हणजे १९६० मधले रीड-सॉलोमन कोड. ओरखडे पडलेली सीडी तरीही वाजायची ती त्यांच्यामुळेच.

दुसरी गोष्ट, प्रत जशीच्या तशी आहे का, हे तपासलं पाहिजे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे संत नामदेव म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या नरसीचे, याच्यापुढे मला फारसं काही माहीत नव्हतं. नांदेडच्या माझ्या रूममेटने सांगितलं की त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. १६०४ मध्ये ग्रंथाचं पहिलं संकलन झालं, आणि त्यात पदांच्या शेवटी चालू मोजणीचे आकडे दिलेले असतात. मधलं एखादं पद गळलं किंवा कुणी घुसवलं तर मोजणी चुकते आणि लगेच कळतं. मी थक्कच झाले. आपण चेकसम म्हणून जे शिकतो, त्याचीच ही जातकुळी की!

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. "माझी फाइल दुसरीच्या मशीनवर? ती वाचेल ना!" ही भीती खरी आहे. म्हणून फाइल आधी एन्क्रिप्ट करायची, मगच द्यायची. पण मग किल्ली हरवली तर? आदी शमीर यांनी १९७९ मध्ये याचा उपाय दिला. किल्लीचे चार वाटे करून चौघींना द्यायचे, कुठल्याही तिघी एकत्र आल्या की किल्ली तयार. दोघींनी मिळून कितीही डोकं चालवलं तरी काही हाती लागत नाही.

"एवढं कशाला, ड्राइव्हवर टाक की!" हे मला सगळेच सांगतात. जरूर टाका, मीही टाकते. पण तिथे कंपनीच्या दहा प्रती असल्या तरी तुमचा पासवर्ड एकच असतो. तो गेला, किंवा पास आउट झाल्यावर कॉलेजचं अकाउंट बंद झालं, तर दहाही प्रती सोबतच गेल्या. शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे चुकून डिलीट केलं की तिथेही डिलीट होतं.

तर सर आणि मॅडम, माझी मागणी अशी. प्रत्येक फायनल इयर प्रोजेक्टच्या मूळ डेटाच्या तीन प्रती ठेवाव्यात. एक डिपार्टमेंटच्या मशीनवर, दुसरी लायब्ररीत, आणि तिसरी दुसऱ्या गावातल्या एखाद्या कॉलेजमध्ये. त्यांची एक प्रत आपण सांभाळू, म्हणजे फिटंफाट. आणि सेमिस्टरमधून एक दिवस ठरवून त्या प्रती प्रत्यक्ष उघडून बघाव्यात. जुन्या रिपोर्टच्या मागच्या कव्हरमध्ये चिकटवलेल्या सीडी कपाटात आहेत, पण त्या वाचणारा ड्राइव्ह आज आमच्या विंगमध्ये एकाही लॅपटॉपला नाही. जी प्रत उघडून बघितलीच नाही, ती आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणायचं?

त्या तायांनी अर्धवट ग्राफ लावून व्हायवा दिली. पास झाल्या, पण काकांना जे हवं होतं, म्हणजे कुठल्या महिन्यात पाणी वाया जातं, ते त्यांना सांगता आलं नाही. येत्या जूनमध्ये त्याच शेतात आमचा ग्रुप सेन्सर पुरणार आहे. काकांनी परवानगी दिली, फक्त एवढंच विचारलं, "पोरींनो, या वेळी वहीतपण लिहून ठेवाल ना?" ठेवणार आहोत. वहीत, लॅपटॉपवर आणि नांदेडला रूममेटच्या घरीसुद्धा.

बघा, पटतंय का!