मजुराला बिडी सोडायला सांगण्याआधी सुट्टी द्या



आळेफाटा, नारायणगाव, मंचर या पट्ट्यात बांधकामाचे छोटे ठेके घ्यायला निघालेली तरुण मंडळी मला हमखास एक प्रश्न विचारतात: "सर, मजूर सारखे बिडी ओढायला जातात. कामाचा खोळंबा होतो. काय करायचं?"

माझं मत स्पष्ट आहे. बिडीचं कारण मजुराच्या खिशात शोधू नका, आपल्या साइटवर शोधा.

तासभर उभं राहून बघा. एखादा मजूर नुसता सावलीत बसला की मुकादम ओरडतो. पण बिडी पेटवून बसलेल्याला कुणी काही बोलत नाही. म्हणजे बिडी ही विश्रांतीची परवानगीच झाली की! नवीन पोरगं हे आठ दिवसांत शिकतं.

दुसरं कारण पोट. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी भागातून पहाटे निघालेला माणूस बऱ्याचदा उपाशीच कामाला लागतो. निकोटीन भूक मारतं. पण त्याचा अंमल एक-दोन तासांत उतरतो आणि पुन्हा तलफ येते.

तिसरं कारण आपण स्वतः. स्लॅबचं काम रात्रीपर्यंत लांबलं की ठेकेदारच बिडीचं बंडल आणून देतो. सुरुवातीला मीही दिलंय. जादा मजुरी वाचली म्हणून खूश होतो. आज त्याची लाज वाटते.

मग साइटवर बंदी घालायची का? नुसत्या बंदीने भागत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के! बिडी हिसकावली तर हातात तंबाखू-चुना येईल.

आता हिशेब करू. रोजचे ३० रुपये धरले तरी वर्षाला १०,९५० रुपये होतात. त्यात सिमेंटची धूळ आणि बिडीचा धूर एकाच छातीत जातो. तुमचा हातखंडा गवंडी खोकत घरी बसला, तर नुकसान त्याच्या घराचं आणि तुमच्या धंद्याचंही.

म्हणून पहिल्या ठेक्यापासून एवढं करा:

१. सकाळी आणि दुपारी १५-१५ मिनिटांची सुट्टी द्या. बिडी ओढणाऱ्याला आणि न ओढणाऱ्याला सारखीच.
२. चहासोबत काहीतरी खायला, प्यायला स्वच्छ पाणी आणि बसायला सावली द्या.
३. बंडल वाटणं बंद. जादा कामाचे जादा पैसे रोख द्या.
४. ज्याला सोडायचीय त्याला १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत नंबर लावून द्या.

"सर, अर्धा तास वाया जाईल!" अहो, तो अर्धा तास आजही जातोच, फक्त बिडीच्या नावाने. तो माणसाच्या नावाने द्या. एवढ्याने सगळ्यांची बिडी सुटेल असं मी म्हणत नाही. पण नवीन पोराला बसायला बिडी लागणार नाही, हे काय कमी आहे?