राखीव बाकावरचे बदली कामगार

कबड्डीच्या संघात बारा खेळाडू असतात आणि मैदानात सात उतरतात. उरलेले पाच रेषेबाहेर बाकावर बसतात. नियमाच्या भाषेत ते राखीव खेळाडू. बोलताना आपण त्यांना बदली खेळाडू म्हणतो. मराठीत या ‘बदली’ शब्दाला दुसराही एक इतिहास आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांच्या फाटकावर पाळीच्या वेळी येऊन उभा राहणारा, कायम कामगार गैरहजर राहिला तरच आत घेतला जाणारा आणि नाही तर रिकाम्या हाताने खोलीवर परतणारा, तो बदली कामगार. गिरणगावाने हा माणूस पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. गिरण्या गेल्या, परंतु बदली कामगार गेला नाही. तो आता रंगीत गणवेश घालून दूरदर्शनसंचाच्या पडद्यावर, कॅमेऱ्याच्या चौकटीच्या कडेला बसलेला दिसतो.

खेळाच्या पानावरचा हा विषय येथे कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर परभणी जिल्ह्यात आहे. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांतील गावोगावी संध्याकाळी मातीत कबड्डी खेळणाऱ्या मुलांना विचारून पाहावे. पोलीसभरती, सैन्यभरती आणि प्रो कबड्डी ही त्यांच्या आशेची तीन दारे आहेत. कापूस-सोयाबीनच्या कोरडवाहू शेतीत भविष्य नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. ज्या दाराकडे तरुण शेतकरी-शेतमजूर आशेने पाहत आहेत, त्या दारात काय भावाने काय विकले जाते, हे पाहणे कार्यकर्त्यांचे कामच आहे.

प्रो कबड्डी लीग २०१४ साली आठ संघांनिशी सुरू झाली. २०१७ पासून बारा संघ आहेत. या लीगने काही दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हुतूतूचा खेळ गावजत्रेतून आणि गिरणगावाच्या गल्लीतून घरोघर पोहोचला. चंदगड तालुक्यातील हुंदळे गावचा सिद्धार्थ देसाई २०१९ च्या लिलावात १ कोटी ४५ लाखांना घेतला गेला. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी अजिंक्यपद मिळवले. ग्रामीण महाराष्ट्रातल्या मुलांनी हे मिळवावे, याचा आनंद आपल्याला झालाच पाहिजे.

परंतु शिखर पाहून डोंगराची रुंदी कळत नाही. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली, ती १२ लाख ८० हजारांची. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजारांची बोली लागली. नऊ वर्षांत शिखर वीसपट उंच झाले. त्याच २०२३ च्या लिलावात सर्वांत खालच्या ‘ड’ गटाची मूळ किंमत ९ लाख होती. म्हणजे एकाच चटईवर घाम गाळणाऱ्या दोघांत सुमारे एकोणतीस पटींचे अंतर. शिवाय ९ लाख ही ज्याला संघाने घेतले त्याची किंमत. ज्याला कोणी घेतले नाही त्याची किंमत शून्य. लिलावाच्या यादीत पाचशेहून अधिक नावे असतात. एका संघाला जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू ठेवता येतात, म्हणजे बारा संघांचे मिळून तीनशे. त्यातलेही बरेचसे आधीच राखून ठेवलेले असतात. उरलेल्यांनी पुढल्या वर्षी पुन्हा फाटकावर यायचे.

संघात निवड झाली म्हणजे खेळायला मिळाले, असेही नाही. पंचवीस जणांतून सामन्यासाठी बारा, बारांतून मैदानात सात. चढाईपटूंची अवस्था तर सर्वांत बिकट. सामना चाळीस मिनिटांचा, एका चढाईला जास्तीत जास्त तीस सेकंद. म्हणजे एका संघाच्या वाट्याला साधारण चाळीस चढाया येतात. त्यांतला मोठा वाटा नामांकित चढाईपटू घेतो, दुसरा वाटा त्याच्या जोडीदाराचा. तिसऱ्या-चौथ्या चढाईपटूला मिळते काय? लीगच्या नियमाप्रमाणे लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाही तर चढाई करणारा बाद होतो. या ‘करो या मरो’ चढाईवर अनेकदा दुसऱ्या फळीतल्या चढाईपटूला पाठवतात. कारण मोठ्या किमतीचा खेळाडू बाद होऊन बाहेर बसणे संघाला परवडत नाही. म्हणजे संधी थोडी आणि जी मिळते ती सर्वांत जोखमीची! त्या एका चढाईत तो पकडला गेला की ‘याच्याने होत नाही’ असा शेरा त्याच्या नावापुढे बसतो. ज्याची परीक्षा सर्वांत कठीण प्रश्नावर, तीही क्वचितच घेतली जाते, त्याला नापास ठरवणे सोपे असते.

असे असूनही संघ या माणसांवाचून चालत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये उपांत्य फेरीत पुणेरी पलटणपुढे तमिळ थलैवाजचे आव्हान होते. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोन्ही प्रमुख चढाईपटू खेळू शकत नव्हते. तो सामना पुणेरी पलटणने ३९-३७ असा जिंकला, तो पंकज मोहितेच्या चढायांच्या बळावर. मालकाला राखीव बळ हवे असते ते अशा दिवसासाठी. प्रश्न एवढाच की, त्या एका दिवसासाठी वर्षभर तयार राहणाऱ्या माणसाच्या उरलेल्या दिवसांची जबाबदारी कोणाची?

गिरणीत हाच प्रश्न कामगारांनी विचारला होता. बदलीची निवड जॉबरच्या मर्जीवर होती. ती मर्जी मिळवण्यासाठी काय काय करावे लागे, हे गिरणगावच्या जुन्या माणसांना सांगावे लागणार नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात पुढे जी तरतूद आली, तिच्यात बदली कामगाराची व्याख्याच अशी केली की, त्याने एक वर्ष अखंड सेवा पुरी केली की ले-ऑफच्या भरपाईपुरता तो बदली राहत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात बदली कामगारांना कायम करा, ही एक प्रमुख मागणी होती. तो संप यशस्वी झाला नाही, हे खरे. परंतु फाटकावर उभा असलेला माणूसही गिरणीचाच आहे, हे तत्त्व त्याने सोडले नाही.

परदेशातले उदाहरणही पाहण्याजोगे आहे. अमेरिकेतला फुटबॉल हा आपल्याकडच्या फुटबॉलहून वेगळा खेळ; त्यात चेंडू हातात धरून धावतात. तिथल्या व्यावसायिक संघाच्या सराव शिबिरात नव्वद खेळाडू येतात आणि ऑगस्टअखेर त्यांतले त्रेपन्न राहतात. लांब धावत जाऊन चेंडू झेलणारे दहा-बारा जण असतील तर पाच-सहा उरतात. शेवटच्या एका जागेसाठी तीन-चार तरुण एकमेकांशी झुंजतात. स्पर्धा आपल्याहून सौम्य मुळीच नाही. भांडवलशाहीच्या माहेरघरी ती सौम्य असेल तरी कशी? पण तेथे १९५६ पासून खेळाडूंची संघटना आहे. २०२० च्या सामूहिक करारात, मुख्य संघात जागा न मिळालेल्या सरावसंघातील खेळाडूसाठीही आठवड्याला किमान ८,४०० डॉलर वेतन ठरवून घेतले गेले. हे कोणा मालकाच्या औदार्यातून आलेले नाही. १९८२ साली, मुंबईचा संप सुरू असतानाच, तेथील खेळाडूंनी ५७ दिवसांचा संप केला होता. १९८७ साली ते पुन्हा संपावर गेले, तेव्हा मालकांनी बाहेरचे खेळाडू आणून तीन आठवडे सामने उरकले आणि संप मोडला. संघाबाहेर राहिलेल्यांनाच संघातल्यांविरुद्ध उभे करण्याची ती युक्ती होती. बाकावरचा आणि मैदानातला यांचे हित एक आहे, हे ओळखले नाही तर दोघेही हरतात, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे क्रिकेटपटूंची अधिकृत संघटना २०१९ साली झाली, तीही निवृत्त खेळाडूंपुरती. खेळत असलेल्यांनी, त्यातही ज्यांची जागा पक्की नाही त्यांनी, कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

आता परभणीकडे वळू. येथील ज्योती गवते यांनी २०१७ साली मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला. या मातीत दमाची उणीव नाही, याला आणखी पुरावा नको. मात्र धावणाऱ्याला निदान रस्ता तरी असतो. सांघिक खेळाला मैदान लागते, सोबती लागतात, प्रशिक्षक लागतो आणि सर्वांत अधिक म्हणजे सामने लागतात. कबड्डी मातीवरून चटईवर गेली. मातीत तयार झालेला पाय चटईवर वेगळा पडतो. वळण, थांबणे, सूर मारणे सारेच बदलते. ज्या मुलाने चटई पहिल्यांदा निवडचाचणीच्या दिवशीच पाहिली, त्याची चाचणी तेथे होत नाही, त्याच्या तालुक्याच्या दारिद्र्याची होते.

दुसरी गोष्ट हंगामाची. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. कबड्डीच्या बहुतेक स्पर्धा हिवाळ्यात होतात. म्हणजे मैदाने जागी होतात, तेव्हा गंगाखेड-पालमकडचा मुलगा आईबापांबरोबर पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडात असतो. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. ती फेडल्यावाचून सुटका नाही. निवड समितीच्या कागदावर अशा मुलाची नोंद ‘गैरहजर’ अशी होते. मराठवाड्याचा सिंचनाचा, रस्त्यांचा, शिक्षणाचा अनुशेष १९८४ च्या दांडेकर समितीने मोजला. मैदानाचा आणि खेळण्याच्या वेळेचा अनुशेष कोण मोजणार?

यावर काही मित्र म्हणतील की, स्पर्धा म्हटली की कोणी तरी बाहेर राहणारच; सर्वांनाच सातांत घेता येत नाही. हे मान्य आहे. मैदानात सातच उतरावेत आणि ते गुणांवरच निवडावेत. समतेचा अर्थ आठवा गडी आत सोडणे असा नाही. आपला आक्षेप निवडीला नाही. निवडीची सारी जोखीम एकट्या दुबळ्या माणसाने सोसावी, याला आहे. गुडघा फिरला तर त्याचा, वर्ष वाया गेले तर त्याचे, शिक्षण सुटले तर त्याचे. आणि तो चमकला तर जाहिरात मात्र मालकाची. नफा एकीकडे आणि नुकसान दुसरीकडे, ही वाटणी खेळाच्या कोणत्या नियमात लिहिली आहे?

म्हणून काही मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. संघाशी करार झालेल्या प्रत्येक खेळाडूला, तो एकही चढाई न करो, पूर्ण मोबदला आणि हंगाम संपल्यानंतरही पुरेल असा दुखापतीचा विमा मिळावा. करारनामा त्याला मराठीत किंवा त्याच्या भाषेत वाचायला मिळावा आणि सही करण्यापूर्वी सल्ला घ्यायला मुदत असावी. राज्य शासनाने २००५ साली खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण ठेवले. त्या जागा वेळेवर भराव्यात आणि खोट्या प्रमाणपत्रांवर घुसणाऱ्यांना कठोर शिक्षा व्हावी. कारण तेथे चोरी होते ती एखाद्या खऱ्या खेळाडूच्या आयुष्याची. प्रत्येक तालुक्याला निदान एक चटई आणि एक पगारी प्रशिक्षक असावा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाला मैदान जोडलेले असावे आणि जिल्हा निवडचाचणी दिवाळीपूर्वी घ्यावी. यांतल्या शेवटच्या मागणीला तर पैसाही लागत नाही. वेळापत्रक आखणाऱ्यांनी फडाकडे एकदा पाहिले तरी पुरे.

आणि सर्वांत आधी, आपल्या कार्यकर्त्यांनी तालमीत आणि मैदानात जावे. खेळाडूला हार घालायला पुढारी जातात; ज्याचे नाव यादीत आले नाही त्याच्या घरी कोणी जात नाही. त्याचे शिक्षण कोठे थांबले, त्याच्यावर कर्ज किती आहे, त्याचा खांदा कोणी तपासला, हे विचारणारी माणसे त्याला भेटली पाहिजेत. गिरणीच्या फाटकावर पूर्वी अशी माणसे जात असत. बदली कामगार एकटा होता तोवर जॉबरच्या हातातले बाहुले होता; संघटनेने त्याचे नाव वहीत लिहून घेतले, तेव्हा तो कामगार झाला. परभणीच्या मैदानावरच्या मुलांची नावे लिहिण्यासाठी अशी एक वही आता काढायला हवी.