मोरीचा उतार



येरवड्याच्या वस्त्यांत घरदुरुस्ती बारमाही चालते. 2005 साली सुरू झालेल्या केंद्राच्या जवाहरलाल नेहरू नागरी अभियानातून पुढे इथल्या अनेक कुटुंबांची घरे जागच्या जागी पक्की झाली. त्या कामात महिला मिलनच्या भगिनीही होत्या. घर सुमारे 270 चौरस फुटांचे आणि खर्चाचा दहावा हिस्सा कुटुंबाचा. पण घर पक्के असो की जुने, मोरी फुटली की बघायचे आपणच.

आमचे घर जुन्यातलेच. मोरीचा कोबा फुटला, तेव्हा गवंड्याची मजुरी वाचवावी म्हणून एका रविवारी आम्हीच थापी हाती घेतली. दुकानातल्या उरल्यासुरल्या गुळगुळीत फरशा स्वस्तात मिळाल्या. सगळा माल एकदम कालवला, तो घट्ट झाला तसे वरून पाणी ओतत गेलो. संध्याकाळी छाती फुगवून घरच्यांना काम दाखवले. मंगळवारी पहिली बादली ओतली, तर पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात तळे करून बसले. चार दिवस आम्ही ते खराट्याने लोटत होतो. पाचव्या दिवशी आई घसरली. हाड वाचले, मनगट मात्र चांगलेच सुजले.

आईला बघायला शेजारच्या मावशी आल्या. बिगारी म्हणून त्यांनी उभा जन्म विमाननगर-कल्याणीनगरच्या इमारतींवर घमेली वाहिली. त्यांनी मोरीत तांब्याभर पाणी ओतले, ते कुठे जाते ते पाहिले आणि म्हणाल्या, "दादा, उतार कुठं धरलाय? अन् ही भितीची फरशी हाय, जमिनीची न्हाय. आधी इचारायचं तरी."

आम्ही गप्प. गल्लीतल्या दोन गवंड्यांना विचारले होते. मावशींना विचारावे हे मनातही आले नव्हते.

पुढच्या रविवारी सगळे उखडले. पारदर्शक नळीत पाणी भरून, आत बुडबुडा नाही हे बघून, मावशींनी चारी भिंतींवर एका पातळीच्या खुणा करवून घेतल्या. उतार फुटाला पाव इंच. आमची मोरी चार फुटांची, म्हणजे जाळीपासून पार टोकाला एक इंच उंच. तशी दोरी ताणली. एक घमेले सिमेंटला चार घमेली चाळलेली वाळू, पण थोडे थोडे कालवायचे. अर्ध्या तासात सिमेंट धरू लागते, मग वरून पाणी घालून त्यात जीव येत नाही. (आम्ही नेमके तेच केले होते.) जमीन आणि भिंत मिळते तिथे माल गोल करून घेतला, म्हणजे कोपऱ्यात पाणी मुरत नाही. खालचा थर सात दिवस ओला ठेवला. मग वर खरखरीत फरशी, सांध्यांत पांढरे सिमेंट. तोवर अंघोळी शेजारी. वाचवलेली मजुरी फरशांतच गेली, हे सांगायला नको.

फरशा बसवताना थापी मावशींच्याच हाती होती. साइटवर बाईमाणसाच्या हाती ती कोण देतो? हात इतका सफाईचा, की आम्ही घमेले घेऊन नुसते बघत राहिलो. शेवटी मजुरीचा विषय निघाला. त्या नको नको म्हणत होत्या. आईने आतून हाक मारून सांगितले, "गवंड्याची द्या, बिगाऱ्याची नको."

जाळीजवळची एक फरशी तिरकी कापली गेली आहे. ती आमच्या हातची.