जिंकलेले पानिपत कोणाचे?

पानिपतावर मराठे जिंकले असते तर? हा प्रश्न आमच्या बृहन्महाराष्ट्रातील मंडळांतून ज्या हौसेने विचारला जातो, तेवढ्या हौसेने तो खुद्द पुण्यातही विचारला जात नसावा. संक्रांत जवळ आली की व्याख्यान ठरते. वक्ते १४ जानेवारी १७६१ चा दिवस उभा करतात, विश्वासरावांना लागलेल्या गोळीपाशी थांबतात आणि मग त्या सुप्रसिद्ध ‘जर’कडे वळतात. ती गोळी चुकली असती तर इंग्रज आले नसते, दिल्ली आपली राहिली असती, आणि आज आपण कोठल्या कोठे असतो! श्रोते सुस्कारा टाकतात, तिळगूळ घेतात आणि समाधानाने घरी जातात. या ‘जर’ला आमचा विरोध नाही. तो अर्ध्यावर सोडून दिला जातो, याला आमचा विरोध आहे.

तो पुरता विचारण्याची शिस्त एका वाङ्मयप्रकाराने बाणवून घेतली आहे आणि नेमका तोच प्रकार आमच्या मंडळींनी बालविभागाच्या कपाटात ढकलला आहे. कालप्रवासाची आणि समांतर विश्वांची विज्ञानकथा म्हणजे ‘मुलांची करमणूक’, असे आमचे जाणते वाचक बेधडक म्हणतात. ज्यांना पानिपताच्या ‘जर’मध्ये तासभर रमता येते, त्यांनी हे म्हणावे याचे आम्हांला नवल वाटते. त्या व्याख्यानात तरी दुसरे काय असते? तीही कालप्रवासाचीच कथा असते. उणीव असते ती विज्ञानाची, आणि त्याहून अधिक सचोटीची.

समांतर विश्वांची कल्पना भाकडकथेतून आलेली नाही. १९५७ साली ह्यू एव्हरेट या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने पुंजवादाचा एक नवा अर्थ मांडला. अणूंच्या जगात एखाद्या घटनेचे अनेक निकाल संभवतात. त्यांपैकी एकच खरा ठरतो असे न मानता सगळेच आपापल्या शाखेत खरे ठरतात असे मानले तर गणित अधिक सरळ होते, असे त्याचे प्रतिपादन होते. सर्वच शास्त्रज्ञांना ते मान्य नाही. परंतु कथालेखकाला त्यातून एक कडक नियम मिळाला: दुसरे विश्व असेल, तर ते आपले नव्हे. तेथे दुसरी माणसे राहतात.

हा नियम मराठीत जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पाळला. नारळीकर जन्माने कोल्हापूरचे असले तरी वाढले बनारसला, कारण वडील हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे अध्यापक होते. म्हणजे आमच्यासारखेच मुलुखाबाहेरचे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ हे टोपणनाव घेऊन त्यांनी पहिली विज्ञानकथा पाठवली आणि बक्षीस मिळवले. २०२१ च्या नाशिकच्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा आमच्यातील पुष्कळांनी श्रद्धांजली वाहिली. कथा वाचलेले किती होते, हा प्रश्न वेगळा.

त्या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघाताच्या क्षणी दुसऱ्या जगात जातात. तेथे विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी निसटलेली असते आणि पानिपत मराठ्यांनी जिंकलेले असते. देश स्वतःच्या पायांवर उभा असतो. पंतांचा ऊर भरून येतो. येथपर्यंत आमचे व्याख्यातेही येतात. नारळीकर पुढे जातात. आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून पंतांना राहवत नाही; ते जाऊन बसतात आणि भाषण सुरू करतात. पण त्या जगातील लोकांना अध्यक्ष आणि भाषणे यांचा वीट आलेला असतो. ते पंतांना अक्षरशः उचलून फेकून देतात. विजयाचे स्वप्न पाहणाऱ्याला त्या विजयी जगात बसायला खुर्चीसुद्धा मिळत नाही! आमच्या मंडळांना उद्देशून एवढी मार्मिक चपराक दुसऱ्या कोणी मारल्याचे आमच्या वाचनात नाही. आणि आम्ही मात्र त्या कथेतून ‘मराठे जिंकले’ एवढेच उचलले.

हाच नियम याहून निष्ठुरपणे पाळणारी कादंबरी म्हणजे ग्रेगरी बेनफर्ड यांची १९८० सालची ‘टाइमस्केप’. तिला नेब्युला पुरस्कार मिळाला. लेखक स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. कथेतील १९९८ साली जग मोडकळीला आले आहे. कीटकनाशकांनी समुद्रातील जीवसृष्टीचा घात होत आहे. केंब्रिजमधील शास्त्रज्ञ तुटपुंज्या पैशांत आणि तुटपुंज्या विजेत, प्रकाशाहून वेगवान अशा टॅकिऑन या कल्पित कणांच्या साहाय्याने १९६२-६३ च्या कॅलिफोर्नियातील एका प्रयोगशाळेकडे संदेश पाठवतात: ही रसायने थांबवा. संदेश पोहोचतो. एक तरुण अध्यापक आपल्या प्रयोगातील गोंगाटात तो ओळखतो, उपहास सोसून त्याचा पाठपुरावा करतो आणि जग सावरते. परंतु कोणते जग? तेथून काळाची नवी शाखा फुटते. त्या शाखेत राष्ट्राध्यक्ष केनेडी गोळीबारातून वाचतात आणि समुद्रही वाचतो. संदेश पाठवणारे मात्र आपल्या मोडक्या जगातच राहतात. त्यांना काहीही परत मिळत नाही.

आता हा नियम आमच्या लाडक्या ‘जर’ला लावून पाहू. पानिपत जिंकले असते तर जनकोजी शिंदे कैद होऊन मारले गेले नसते. ते जगते, तर दौलतीची सूत्रे त्यांच्याकडेच राहिली असती. वारसाच्या तंट्यांतून वाट काढत १७६८ च्या सुमारास त्यांचे चुलते महादजी पुढे आले, तसे येण्याचे कारणच पडले नसते. महादजी नाहीत, तर दौलतरावांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरीस वसवलेले लष्करही नाही, आणि त्या लष्करात ज्यांच्या सात पिढ्या नांदल्या ती घराणीही नाहीत. इंदूरचे पाहा. महिदपुरास होळकर हरले, १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला, आणि त्यानंतर इंदूर ही राजधानी झाली. वडोदऱ्यास इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले म्हणून १८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा एक शेतकऱ्याघरचा मुलगा दत्तक आला. तेच सयाजीराव. ज्यांच्या आश्रयाने आमचे पूर्वज या शहरांत आले, ती सारी स्थाने पराभवांतून उभी राहिलेली आहेत. पानिपत ज्या विश्वात जिंकले गेले, त्या विश्वात आमच्यातील बहुतेकांचा जन्मच झालेला नाही. तो विजय आमचा नाही. आम्ही या हरलेल्या शाखेची संतती आहोत, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

कोणी म्हणेल, स्वप्नरंजनाने कोणाचे काय बिघडते? बिघडते. ज्या समाजाचे सारे ‘जर’ मागे पाहतात, त्याच्यापाशी पुढे पाहणारा ‘जर’ उरत नाही. आणखी कोणी सीमाभागाचे नाव घेईल. ते उदाहरण येथे लागू नाही. तेथील बांधवांचा प्रश्न हा चालू दावा आहे. २००४ साली महाराष्ट्राने तो सर्वोच्च न्यायालयात नेला. दावा चालवणे निराळे आणि १७६१ सालची गोळी चुकवत बसणे निराळे.

सयाजीरावांनी ‘जर मल्हारराव राहिले असते तर’ असा हिशेब मांडला नाही. १९०६ मध्ये त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि १९१० पासून गावोगाव ग्रंथालये काढण्याचे काम हाती घेतले. ज्यांचे चेहरे आपल्याला कधी दिसणार नाहीत, अशा माणसांना पाठवलेले ते संदेशच होते. ते आमच्यापर्यंत पोहोचले. प्रश्न एवढाच, की आमच्याकडून पुढे काय जाते?

‘गंगाधरपंतांचे पानिपत’चे इंग्रजी रूप राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात अनेक वर्षे पाठ म्हणून राहिले. म्हणजे इंदूर-ग्वाल्हेरची आमची नातवंडे ही कथा शाळेत इंग्रजीतून वाचत होती, आणि त्यांचे आजोबा मंडळाच्या सभागृहात तिच्यातील अर्धेच वाक्य मराठीतून घोळवत बसले होते. मराठी मूळ कथा त्या मुलांच्या हाती देण्याचे काम त्यांचे होते. ते त्यांना सुचले नाही.

आमची मागणी मोठी नाही. संक्रांतीचे व्याख्यान जरूर व्हावे. पण एका वर्षी तरी त्या जागी ही कथा मोठ्याने वाचली जावी, तीही एखाद्या अकरावीतल्या मुलीकडून. मंडळाच्या ग्रंथालयाने विज्ञानकथा बालविभागातून बाहेर काढून कादंबऱ्यांच्या रांगेत लावाव्यात. आणि त्या दिवशी व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची ठेवू नये. गंगाधरपंतांनी शेवटी पुन्हा कधीही अध्यक्षपद न भूषवण्याचा निश्चय केला होता. आमच्या मंडळांनी तो निदान एक दिवस पाळून पाहावा.